तीनशे सातची पाळी

मुलांनो, आधी एक करा. तुमची जन्मतारीख मनात आणा. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष; दिवस आणि महिना दोन अंकी, म्हणजे जुलै असेल तर शून्य सात. आता मधल्या रेघा पुसून टाका आणि सगळे आकडे एकमेकांना चिकटवा. झाली ना एक भलीमोठी संख्या? ती तुमची. आता असं समजा, की साल एकोणीसशे एकोणऐंशी आहे, तुम्ही सातवीत आहात, आणि आजऱ्याच्या बाजूच्या एका लहान गावातल्या कौलारू शाळेत मांडी घालून बसला आहात. जमीन थंड आहे. फळा काल पोरांनी जुन्या सेलमधली काळी पूड आणि भोपळ्याची पानं चोळून काळा केलाय, त्याचा हिरवट वास अजून वर्गात आहे. प्रार्थना संपली आहे. फळ्याशी एक मुलगा उभा आहे, आणि सगळा वर्ग श्वास धरून त्याच्या खडूकडं बघतोय.

"सतरा एके सतरा..." तो पुटपुटतोय.

त्याचं नाव कृष्णात. गाव त्याला किसना म्हणे. त्याचा भागाकार संपला, त्यानं खालचा आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"गुर्जी, बाकी सोळा! एकानं हुकलं!"

"एक उसना घे की आमच्याकडनं," मागून सर्जेराव ओरडला.

"तुझाच दे. तुझा आकडा फुटून तुकडं पडल्यात न्हवं?"

वर्ग हसला, आणि मग ठरल्याप्रमाणे सगळे एका सुरात ओरडले, "न्हाई फुटलाऽऽ!"

मी त्या वर्गाचा गुरुजी, आणि हा आमचा रोजचा खेळ होता. प्रत्येकानं आपल्या जन्मतारखेची संख्या घ्यायची आणि तिला क्रमानं एकेका मूळ संख्येनं भागायचं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच नि:शेष भागू शकत नाही अशी: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. त्यांची माळ पोरांनीच भिंतीवर वरच्या बाजूला लिहून काढली होती. रोज सकाळी एक भाजक. बाकी उरली तर संख्या टिकली. बाकी शून्य आली तर फुटली, खेळ संपला.

बहुतेकांचा खेळ दुसऱ्याच दिवशी संपला होता. त्याचं कारण गणित नव्हे, हेडमास्तर. आमच्याकडं पोराला पहिलीत घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. "पूर आलेला त्या साली," एवढंच सांगत. मग हेडमास्तर सरसकट एक जून लिहीत. त्यामुळं निम्म्याहून अधिक वर्गाची संख्या एकच, दहा लाख एकसष्ट हजार नऊशे सदुसष्ट. तिच्या अंकांची बेरीज तीस, म्हणजे तिनानं भाग जाणारच. तिनाच्या दिवशी सगळे एकदम फुटले आणि केवढा गोंधळ झाला!

किसना आणि त्याची जुळी बहीण मालन यांची तारीख मात्र खरी होती. त्यांच्या आईला बाळंतपणात त्रास झाला म्हणून बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथून कागद मिळाला होता. वीस जुलै एकोणीसशे सदुसष्ट. दोन कोटी एकाहत्तर हजार नऊशे सदुसष्ट. फळ्यावर लिहिली की अशी दिसायची: २००७१९६७. दोघांची मिळून एक.

संख्या एक आणि माणसं दोन, मग पाळ्या लावल्या. दोन किसनाचा, तीन मालनचा, पाच किसनाचा, सात मालनचा. अशी एकाआड एक पुढं माळ चालली.

सतराच्या दुसऱ्या दिवशी मालन उठली. ती सावकाश भागायची, प्रत्येक गुणाकार दोनदा बघायची. एकोणिसानं भागून झालं आणि ती वर्गाकडं वळली.

"बाकी सहा."

"परत सहाच?" किसना म्हणाला. "साताला सहा, तेराला सहा, एकोणिसाला सहा. नुसती सहा-सहा करत बसलीया."

"माझं बरं हाय. तुझ्यावाणी हुकत तर न्हाई."

मी म्हटलं, "थांबा रे. हिच्या मागच्या तिन्ही पाळ्यांना सहाच उरले. मग संख्येतून सहा काढून टाकले तर?"

किसनाच हळूच म्हणाला, "तर तिघांनीबी भाग जाईल."

"बरोबर."

"म्हंजे सहानं वाचवलं हिला." तो बहिणीकडं वळला. "पर शेवटी माझ्याच हातनं फुटणार, बघ."

"फुटणारच न्हाई तो. आपला हाय."

तिला संख्या टिकायला हवी होती आणि त्याला फोडायला. दोघंही सारख्याच हट्टानं बोलत.

ऑगस्टपर्यंत वर्गात त्यांचीच एक संख्या उरली. सगळ्या पोरांनी ती आपली मानली. कुठवर जायचं ते मी सांगितलं होतं. कुठल्याही संख्येचे दोन भाग पडले, म्हणजे ती दोन संख्यांचा गुणाकार निघाली, तर दोन्ही भाग फार मोठे असू शकत नाहीत, एक तरी लहान असावाच लागतो. या संख्येचा लहान भाग चार हजार चारशे ऐंशीच्या पुढं असणं शक्यच नव्हतं. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या संपल्या आणि तरी बाकी उरत राहिली, तर ती कधीच फुटत नाही असं छातीठोकपणे म्हणता आलं असतं.

"चार हजारापतोर?" सर्जेरावनं डोळे मोठे केले. "त्यांची लग्नं हुतील की गुर्जी तवर!"

गौरी-गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या सुट्टीआधी किसनानं दोनशे त्र्याऐंशीनं भागलं, बाकी एकशे ब्याण्णव. शेवटच्या दिवशी मालननं दोनशे त्र्याण्णवनं भागलं. बाकी दोन.

"न्हाई फुटलाऽऽ!" पोरं ओरडली आणि दप्तरं घेऊन पळाली.

किसना दारात थांबला. भिंतीवरच्या माळेत दोनशे त्र्याण्णवच्या पुढं काय आहे ते त्यानं मान वर करून बघितलं. "तीनशे सात. माझा. सुट्टी संपली की फोडतो बघा, गुर्जी."

सुट्टीत त्याला ताप आला. आधी घरचा काढा, मग गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं. ताप डोक्यात गेला तेव्हा जीपमधून मिरजेला नेलं. तिथून त्याला परत आणलं ते अंगावर चादर घालून.

सुट्टी संपली. पहिल्या सकाळी प्रार्थना झाली. मालन आपल्या जागेवर बसली होती, शेजारची जागा मोकळी. मी म्हणणार होतो, की आज खेळ नको. पण सर्जेराव उठला आणि फळ्याशी जाऊन खडू उचलला. पोरगा वाईट नव्हता. त्याला त्याच्या परीनं काहीतरी करायचं होतं.

"गुर्जी, किसनाची पाळी मी करू?"

मालन ताडकन उठली. फळ्याशी आली, त्याच्या हातातला खडू घेतला.

"बस खाली. त्याची पाळी हाय."

मग तिनं फळ्यावर संख्या लिहिली. डावीकडं भाजक लिहिला, तीनशे सात. मधली रेघ ओढली. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. रोज प्रार्थना झाली की ती यायची, भागाकार मांडायची आणि तसाच सोडून जायची. शाळा सुटताना कुणीतरी फळा पुसायचं. कुणी ओरडत नसे, हसत नसे.

मी मुलांच्या संख्या आधी कधी सोडवून बघत नसे. त्यांच्याबरोबर मलाही कळावं, यातच मला मजा वाटे. पण एका रविवारी दुपारी मी खोलीत बसून पाटी घेतली आणि तीनशे सातनं भागलं. मग पाटी पुसून पुन्हा भागलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं.

त्याच आठवड्यात मालन-किसनाचे वडील आले. दत्तोबा गावचे शिंपी. माझा सदरा शिवायला टाकला होता, तो घेऊन आले होते. गळ्यात टेप तशीच. सदरा खाटेवर ठेवला, पण जायला निघेनात.

"बसा, दत्तोबा."

"बसत न्हाई." मग ते उंबऱ्यावरच टेकले. "गुर्जी, ही पोरगी शाळेत काय करती?"

मी सांगितलं.

"घरात बी तेच. आई म्हणती, आगं अभ्यास कर. तर म्हणती, किसनाची पाळी हाय, तो आल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. 'तो आल्यावर.' रोज जेवताना ह्यो शब्द. तिची आई ताटावरनं उठून जाती, गुर्जी. महिना झाला, धड जेवली न्हाई."

ते बराच वेळ टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"तुमी तिला सांगा. त्यो आकडा फुटत न्हाई म्हणावं. संपलं म्हणावं. तुमी सांगितलं तर ती ऐकंल. तुमचं काय जातंय?"

"दत्तोबा, तो फुटतोय."

त्यांनी वर बघितलं. "कधी?"

"तीनशे सातला."

"म्हंजे पोराच्या पाळीला?"

"होय."

"जिंकला असता व्हय त्यो?"

"जिंकला असता."

दत्तोबांनी टेप सोडली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तसेच बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला, पण तो त्यांना दिसला नसावा. बऱ्याच वेळानं उठले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"मग तर अजिबात सांगू नका," ते म्हणाले. "त्यो जिंकला असता ह्ये तिला कशाला कळायला पायजे? जगाला हे आकडं कुठं लागत्यात? न्हाई फुटला म्हणा आणि सोडा."

"बघतो," मी म्हणालो.

मला खरंच बघायचं होतं. एक शब्द बोललो असतो तर त्या घरात संध्याकाळचं जेवण सुखानं झालं असतं, आणि माझ्यावर विश्वास ठेवून ती पोर त्या संख्येला जन्मभर अभंग समजली असती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. पोरं गेली. फळा पुसायची पाळी मालनचीच होती. तिनं सगळा फळा पुसला, पण कोपऱ्यातला तो मांडलेला भागाकार तेवढा ठेवला.

"मालन, तो कधी पुसायचा?"

"किसनाची पाळी झाल्यावर."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. उभं राहून बोलायची ती गोष्ट नव्हती.

"बाळ, तो येणार नाही आता."

"ठावं हाय मला." ती चिडली नाही. "मी काय बारकी हाय?"

"मग?"

"मग काय? पाळी त्याची हाय. मी केली तर माझी हुईल. त्याची कशी ऱ्हाईल?"

"आपल्या वर्गात कुणी सुगीला गेलं की शेजारी बसणारा त्याच्या नावानं पाळी करतोच की. शेतावरून आला की त्याला सांगायचं."

"त्ये गैरहजर असलं तर," ती म्हणाली. "परत येणार असलं तर."

बाहेर पटांगणात कुणाची तरी शेळी ओरडत होती. मालन खडूची पूड बोटानं जमिनीवर पसरत बसली.

मग तिनं एकदम विचारलं, "गुर्जी, तुमाला ठावं हाय का त्याचं उत्तर?"

"हो."

"तुमी केलं?"

"हो. घरी, पाटीवर."

"कुणाला सांगितलं?"

"तुझ्या वडिलांना. त्यांनी विचारलं म्हणून."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू तिचं काहीतरी मी चोरलंय. "फुटतोय?"

दत्तोबांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. 'नाही' हा शब्द अगदी ओठांशी आला होता.

"ते मी सांगणार नाही," मी म्हणालो. "पाळी माझी नव्हती. मी करायला नको होती."

"आबांनीबी सांगितलं न्हाई मला."

"नाही सांगणार ते."

"मग कोण सांगणार?"

ती उठली, परकर झाडला, आणि फळीवरचा खडू घेतला.

"त्याच्या नावानं," ती म्हणाली. मला सांगत होती की आणखी कुणाला, कळलं नाही.

दोन हजार सातात तीनशे सात सहा वेळा. अठराशे बेचाळीस. तिनं वजाबाकी केली, एकशे पासष्ट. वरचा एक खाली घेतला. सोळाशे एक्कावन्नात पाच वेळा. तिची सवय सुटली नव्हती, प्रत्येक गुणाकार ती कडेला पुन्हा करून बघत होती. तीन वेळा. आठ वेळा. तीस उरले. आता संख्येतला शेवटचा अंक राहिला होता, सात. तिनं तो खाली आणला आणि तिसाच्या पुढं लिहिला.

लिहिलं आणि थबकली.

"गुर्जी," ती हळू म्हणाली, "खाली तीनशे सातच आलं."

"हं."

"तीनशे सातात तीनशे सात..."

तिनं वर एक लिहिला. खाली शून्य लिहायला तिला खूप वेळ लागला. शून्य नीट गोल, जुळवून काढलं. वर्गात कुणी नव्हतं. ओरडायला कुणीच नव्हतं. तीच स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "फुटला."

आणि मग, "म्हणालाच हुता त्यो."

ती रडली नाही. खडू हातात धरून भागाकाराकडं बघत राहिली. वर उत्तर होतं, पासष्ट हजार तीनशे एक्क्याऐंशी.

"आणि हा?" तिनं त्यावर बोट ठेवलं. "ह्यो फुटतोय का?"

"नाही."

"न भागता कसं कळलं?"

"तुम्हीच भागलंय सगळं," मी म्हणालो. "बघ, याचे दोन भाग पडले तर लहान भाग दोनशे छप्पन्नच्या आतलाच हवा. त्याला ज्यानं भाग जाईल, त्यानं या मोठ्या संख्येलाही गेलाच असता. आणि तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी तुम्ही दोघांनी भागून बघितलंय. एक त्यानं, एक तू. कशानंच भाग गेला नाही. म्हणून हा अभंग. तीनशे सातही अभंग. दोनच तुकडे पडले, त्यांचे आणखी पडत नाहीत."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा बोटांवर काहीतरी मोजलं. समजलं की ती मान हलवायची, तशी हलवली.

"म्हंजे आता पुढं काय करायचं ऱ्हायलं न्हाई?"

मुलांनो, मी पस्तीस वर्षं शिकवलं. मुलांनी मला अवघड प्रश्न पुष्कळ विचारले. यापेक्षा अवघड मला आठवत नाही. उत्तर एका शब्दाचं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"तीनशे अकराबी न्हाई?"

"गरज नाही आता. संपलं ते."

ती भिंतीवरच्या माळेकडं बघत उभी राहिली. तीनशे सातच्या पुढं तीनशे अकरा, तीनशे तेरा, तीनशे सतरा, पार कोपऱ्यापर्यंत गेलेली पोरांच्या वेड्यावाकड्या अक्षरातली माळ. दारात उन्हाचा पट्टा आला होता. मला वाटलं, आता ती दप्तर उचलेल. मी उठलो, तिला घरापर्यंत सोडायला म्हणून चपला पायात घातल्या.

मालन फळ्याकडं वळली. किसनाच्या भागाकाराला धक्का न लावता तिनं शेजारी मोकळी जागा बघितली. संख्या पुन्हा पहिल्यापासून लिहिली, दोन, शून्य, शून्य, सात, एक, नऊ, सहा, सात. डावीकडं तीनशे अकरा लिहिले. मधली रेघ ओढली.

"माझी पाळी," ती म्हणाली, आणि भागायला लागली.